समुद्र सगळ्यांचा, मग परवाना कोणाचा?

रविवारी सकाळी आमच्या कट्ट्याच्या बाजारात मासळीला गेलो होतो. नेहमीच्या मावशींच्या टोपलीत बांगडे होते, पण हाताच्या बोटाएवढे. मी नुसतं बघत राहिलो तर म्हणाल्या, "काय बघतास? मोठो बांगडो खंय असा? ह्यो घेवचो तर घेवा. आणि पेपरात लिवतल्यात तर नीट लिवा."

कट्टा समुद्रावर नाही. मालवणातून बरंच आत आलं की आमचा बाजार लागतो. समुद्रात काय चाललंय ते आम्हाला टोपलीतून कळतं. आणि "नीट लिवा" हा टोमणा मला लागला, कारण मी नीट लिहिलेलं नाही. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातली भांडणं मी बरीच वर्षं कव्हर करतोय. प्रत्येक वेळी 'दोन गटांत तणाव' असं शीर्षक देऊन मोकळा झालो. दोन गट, दोन बाइट, बातमी संपली. भांडण कशावरून आहे ते बाजूलाच राहिलं.

भांडण वाटपावरून आहे. मासा कमी झालाय. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली होती. त्याआधीच्या वर्षी ती २.९५ लाख होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तेव्हा सांगितलं की ४५ वर्षांतला हा नीचांक आहे. त्या वर्षी वादळंही झाली, 'क्यार' आणि 'महा', त्यामुळे सगळं खापर जाळ्यांवर फोडता येणार नाही हे मान्य. पण दांडी, देवबाग, तळाशीलच्या कुठल्याही रापणकराला विचारा, वादळ नसलेल्या वर्षांचा हिशेबही तो बोटावर सांगेल.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे. ज्याचं जाळं त्याला जाळ्याचा वाटा, जो ओढतो त्याला अंगमेहनतीचा वाटा. सहज हात लावायला आलेल्याच्या पिशवीतही कालवणापुरते मासे पडतात. म्हणजे वाटप कसं करायचं हे आमच्या किनाऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण रापणीला मासा किनाऱ्यापर्यंत यावा लागतो. पर्ससीन बांगड्याच्या, तारलीच्या थव्याला बाहेरच वेढा घालते आणि खालून दोरी आवळते. वरून एलईडीचे दिवे लावले की थवा शोधायचीही गरज नाही, तोच येतो. कर्नाटकात सत्तरच्या दशकाच्या शेवटी पर्ससीन आली आणि तिथली रांपण बघता बघता मोडली. गोव्यातले रापणकार त्याच काळात रस्त्यावर उतरले. आपल्याला चाळीस वर्षांची आगाऊ सूचना होती.

सरकारने काही केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यावरून ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम, नवे परवाने नाहीत, आहेत ते आधी २६२ वर आणि शेवटी १८२ वर आणायचे. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा कायदा सुधारला, एलईडीसाठी दंड ५ ते २० लाखांपर्यंत गेला. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरला. पापलेट राज्यमासा झाला, त्याच्यासाठी १३५ मिलिमीटर. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही आले. कागदावर एवढं सगळं आहे.

मला अडकवतो तो १८२ हा आकडा. ठीक आहे, १८२. पण ते १८२ कोण? ज्याच्याकडे आज कागद आहे तो? ज्याच्याकडे चार बोटी आहेत तो? की जो स्वतः बोटीवर चढतो तो? परवाने कमी करताना नेमका हा प्रश्न सोडून दिला की कमी झालेले सगळे परवाने ताकदवानाच्या घरात जातात. न्यूझीलंडने १९८६ मध्ये माशांचा कोटा ठरवला आणि तो विकता येईल अशी सोय केली. मासा बऱ्यापैकी सांभाळला गेला, पण छोट्यांचे कोटे मोठ्या कंपन्यांनी घेतले, आणि माओरींना आपल्या हक्कासाठी सरकारशी भांडावं लागलं. आपल्याकडे परवाना विकायला परवानगी नसली तरी बोट 'चालवायला देणे' हा प्रकार काय आहे ते बंदरावर सगळ्यांना माहीत आहे.

इथे मला घरातलं सांगावं लागेल. माझा मावसभाऊ मिनी पर्ससीनवर तांडेल आहे. बोट त्याची नाही. मी पर्ससीनविरोधात लिहिलं की फोन येतो, "दादा, आमचे पण बाप रापणच ओढत होते. रापणीत पोट भरना म्हणान हय इलंव." खोटं नाही बोलत तो. त्याला 'धनदांडगा' म्हणणं हा अन्याय आहे. धनदांडगा बोटीवर नसतो. आणि पारंपरिकांच्या जाळ्यातही बारीक आस असते, किमान आकाराचा नियम त्यांनाही लागू आहे. मावशींच्या टोपलीतले ते बांगडे कुठल्या जाळ्यातून आले, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तरीही माझं मत लपवत नाही. बारा सागरी मैलांच्या आतला समुद्र आधी हाताने आणि छोट्या होडीने मासेमारी करणाऱ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केरळची किनाऱ्याजवळच्या पाण्यातली पर्ससीनबंदी उचलून धरली होती. राज्याला हे करता येतं. बाहेर जे परवाने राहतील ते एका कुटुंबाला एकच, मालक किंवा घरचा माणूस बोटीवर असेल तरच, आणि मालक निवृत्त झाला की परवाना वारसाकडे नव्हे, मच्छीमार सोसायटीकडे. मावसभावासारख्या तांडेल-खलाशांना सोसायटीतून त्यात वाटा. केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत बारा मैलांपलीकडच्या पाससाठी सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, मग राज्याने आतल्या पाण्यात मागे का राहावं?

आणि डिझेल. परतावा लिटरवर मिळतो, म्हणजे जो जास्त जाळेल त्याला जास्त सरकारी पैसा. वल्ह्याच्या होडीला शून्य. हे पण वाटपच आहे, फक्त त्याला कोणी वाटप म्हणत नाही.

यातलं काहीही करायचं तर आधी यादी हवी: परवाना कोणाच्या नावावर, कधीपासून, एका घरात किती, कारवाई झाली तर दंड भरला का. मी ही यादी तोंडी मागितली होती, "साहेब मिटिंगला गेलेत" एवढंच उत्तर मिळालं. सोमवारी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. देवगड, मालवण, वेंगुर्ला, तिन्ही तालुक्यांसाठी. कोणाकडे जुनी कागदपत्रं, दंडाच्या पावत्या असतील तर इनबॉक्सला पाठवा. नाव बाहेर येणार नाही. पर्ससीनवाल्यांनीही पाठवा, तुमची बाजू तुमच्याच शब्दांत छापेन. यावेळी 'दोन गट' लिहिणार नाही.