विश्लेषण : दुर्मीळ झाडाला नात्यातल्याच झाडाचा धोका?

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटालिना हे बेट आहे. ‘कॅटालिना महोगनी’ हे छोटेखानी झाड जगात फक्त याच बेटावर, तेही एकाच घळीत नैसर्गिकरीत्या वाढते. त्याची शुद्ध, प्रौढ झाडे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांना मोठा धोका आहे तो नात्यातल्या जातीशी होणाऱ्या संकराचा.

संकर कसा होतो?

नाव महोगनी असले, तरी हे झाड गुलाबाच्या कुळातील आहे. त्याचे परागकण वाऱ्याने वाहून नेले जातात. बेटावर ‘माउंटन महोगनी’ ही जवळची जात मुबलक आहे. त्यामुळे दुर्मीळ झाडाच्या फुलावर स्वजातीऐवजी या जातीचे पराग पडण्याची शक्यता वाढते. घळीतील काही झाडे संकरित असल्याचे लॉरेन रीसबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जनुकीय तपासणीतून दाखवून दिले.

ही वेळ का आली?

माणसाने बेटावर आणलेल्या शेळ्या आणि डुकरांमुळे. शेळ्यांनी रोपे खाल्ली, डुकरांनी जमीन उकरली. नवी झाडे उभी राहिनात आणि मूळची मोजकी संख्या आणखी घटली. १९९७ मध्ये अमेरिकी सरकारने या झाडाला संकटग्रस्त जातीचे कायदेशीर संरक्षण दिले.

संकर नेहमीच घातक असतो का?

नाही. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरीफवर शेवंतीच्या नात्यातील दोन जाती आहेत. एक किनाऱ्यालगतच्या कोरड्या भागात वाढते, दुसरी डोंगरावरील दमट जंगलात. त्यांच्या संकरातून मधल्या पट्ट्यात टिकणाऱ्या नव्या जाती तयार झाल्या आणि मूळच्या दोन्हीही राहिल्या. दोन्ही बाजू संख्येने भक्कम असतील, तर संकर नवे घडवू शकतो. एक बाजू अगदी तोकडी असेल, तर तोच तिला गिळतो.

पेच काय आहे?

संकरित झाडे काढून टाकावीत, तर त्यांच्यातील दुर्मीळ जनुकेही जातात. ठेवावीत, तर पुढची पिढी आणखी मिसळते. शुद्ध झाडांपासून रोपे तयार करून ती माउंटन महोगनीपासून दूर लावणे, हा त्यातला सुरक्षित मार्ग. मात्र मोजक्याच झाडांपासून वाढवलेल्या पिढीत जनुकीय विविधता कमी राहते. म्हणूनच अशा जातींचे संरक्षण संख्या बोटांवर येण्याआधीच सुरू व्हावे लागते.