मालिका म्हणजे नक्कल आणि नाटक म्हणजे रूपांतर?

देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. त्यावर आपण प्रबंध लिहितो, चर्चासत्रं भरवतो, 'रूपांतर' हा शब्द मानाने उच्चारतो. पण बंगाली 'श्रीमयी'ची मराठीत 'आई कुठे काय करते!' झाली की त्याच चर्चासत्रातली माणसं नाक मुरडून 'रिमेक' म्हणतात आणि विषय संपवतात. मी तौलनिक साहित्य शिकले, अनुवाद हा माझा धंदा आहे आणि मी मालिका पाहते. या तिन्हींच्या बळावर सांगते, हा निव्वळ जातिभेद आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमयी' 2019मध्ये स्टार जलसा वाहिनीवर सुरू झाली. त्याच वर्षी ती कन्नडमध्ये आणि डिसेंबरात मराठीत आली आणि पुढच्या काही महिन्यांत मलयाळम्, तेलुगू, हिंदी आणि तमिळमध्येही. नवऱ्याने, मुलांनी, सासूने गृहीत धरलेली एक मध्यमवयीन बाई, नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण आणि मग तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं. एकच संहिता दीड-दोन वर्षांत इतक्या भारतीय भाषांत गेल्याचं अलीकडच्या कादंबरीचं उदाहरण कुणाला आठवत असेल, तर त्याने जरूर सांगावं.

नुसती शीर्षकं घ्या. बंगाली, हिंदी आणि तमिळ मालिकांनी बाईचं नाव शीर्षकात ठेवलं. तेलुगूत 'इंटिंटि गृहलक्ष्मी', म्हणजे घरोघरची गृहलक्ष्मी. कन्नडमध्ये 'इंती निम्म आशा', म्हणजे पत्राच्या शेवटी लिहितात तसं 'आपली, आशा'. मलयाळम्‌मध्ये 'कुडुंबविळक्क', घराचा दिवा. हे शेवटचं मराठीत जसंच्या तसं आणता येणार नाही, कारण आपल्याकडे वंशाचा दिवा म्हणजे मुलगा! आणि मराठी शीर्षकात तर बाईचं नावच नाही. तिच्याबद्दल घरातल्यांचा शेरा आहे. त्यातला 'कुठे काय' दुसऱ्या भाषेत नेऊन दाखवा. माझ्या मते शीर्षकांच्या या स्पर्धेत मराठी पहिली आली, कारण तिने बाईला विशेषण न लावता घराचं तोंड उघडं पाडलं.

आता अभिनय. बंगालीत इंद्राणी हालदार, ज्यांना 'दहन' चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. हिंदीत रूपाली गांगुली, 'साराभाई वर्सेस साराभाई'तली मोनिशा. मराठीत मधुराणी प्रभुलकर. हिंदीतली अनुपमा गुजराती घरातली, नृत्य शिकवणारी. मराठीतली अरुंधती गाणारी. हा बदल वरवरचा नाही. नाचणारी बाई शरीराने जागा व्यापते, तिचा राग हातवाऱ्यांत येतो, म्हणून गांगुलींना लांबलचक भाषणं शोभतात. गाणाऱ्या बाईला श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. प्रभुलकर वाक्याच्या आधी जो क्षणभर थांबतात, त्यात वीस-पंचवीस वर्षांची सवय दिसते: बोलू की नको? मध्यमवर्गीय मराठी घरातली बाई अशीच थांबते. माझ्या लेखी हा अनुवाद आहे आणि तो संवादलेखनाइतकाच नटीने केलेला आहे.

मी के. आर. पुरममध्ये राहते, तारांच्या पुलापासून जवळच. आमच्या इमारतीत तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळी आणि आम्ही मोजके मराठी. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटी लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "तुमच्या अरुंधतीने घर सोडलं का?" मग त्यांच्या तुलसीचं काय चाललंय ते सांगायच्या. कुणाची नायिका किती सोसते, कुणाची सासू आधी वळते, कुणाच्या मुलांना आधी लाज वाटते, अशी तुलना पाचव्या मजल्यापर्यंत चालायची. विद्यापीठात याच कामाला आम्ही मोठमोठी नावं देत होतो.

कर्नाटकात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथे कितीतरी दशकं डबिंगवर उद्योगाची अलिखित बंदी होती. 2012मध्ये 'सत्यमेव जयते' अनेक भाषांत दिसलं, पण टीव्हीवर कन्नडमध्ये येऊ शकलं नाही. 2015मध्ये स्पर्धा आयोगाने या बंदीविरुद्ध निकाल दिला आणि 2020च्या टाळेबंदीत डब केलेलं 'महाभारत' कन्नड वाहिनीवर आलं. अनुवादक म्हणून मला बंदी मान्य नाही. माणसाला स्वतःच्या भाषेत काय पाहता येईल, हे कुठल्याही संघटनेने ठरवू नये. पण डबिंग फक्त शब्द बदलतं. चेहरा, स्वयंपाकघर, पदर खोचायची पद्धत परकीच राहते. रिमेकमध्ये हे सगळं बदलतं, शिवाय स्थानिक नटांना आणि लेखकांना काम मिळतं. बंदीला विरोध आणि रिमेकचा आदर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

म्हणजे मालिकांना सगळं माफ? मुळीच नाही. 'आई कुठे काय करते!' नोव्हेंबर 2024पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं चालली आणि शेवटची दोन वर्षं रेटून चालवली. नवऱ्याचं घर सोडून अरुंधतीने आशुतोषशी लग्न केलं तेव्हा मालिकेने खरं धाडस केलं होतं. पुढे त्याला अपघातात मारून टाकलं, तेव्हा त्या धाडसाचं व्याज वसूल केल्यासारखं वाटलं. मोकळ्या झालेल्या बाईला पुन्हा देशमुखांच्या 'समृद्धी'च्या भानगडींत ओढलं. अनिरुद्धच्या भूमिकेत मिलिंद गवळी आपमतलबीपणा इतका सहज दाखवत होते की तो माणूस किळसवाणा न वाटता ओळखीचा वाटायचा. अशा पात्रालाही लेखनाने त्याच त्या भांडणांत झिजवलं. प्रेक्षकसंख्येसाठी कथा ताणणं हा या माध्यमाचा जुनाट रोग आहे.

पण हे दोष सांगायला मालिका पाहावी लागते. न पाहता नाक मुरडणाऱ्याला टीकेचा अधिकार नाही. बाईने घर सोडावं की नाही, सोडलं तर किती लांब जावं, परत बोलावलं तर यावं का, याची उत्तरं प्रत्येक भाषेने वेगळी दिली आहेत आणि ती रोज संध्याकाळी लाखो घरांत ऐकली गेली आहेत. त्या घरांत आपल्या आया आहेत, सासवा आहेत, आपल्याकडे काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या आवडीला 'टाइमपास' म्हणणं म्हणजे पुन्हा तेच विचारणं: ती कुठे काय करते?

माझी मागणी साधी आहे. बहुभाषिक नियतकालिकांनी मालिकांच्या रूपांतरांची परीक्षणं छापावीत. 'झुंझारराव'च्या अभ्यासात जी कसोटी लावतो तीच इथे लावावी: काय बदललं, का बदललं, कुणाच्या तोंडी कुठला शब्द आला आणि नटीने तो कसा उच्चारला. संवादलेखिकेचं नाव घ्यावं, मूळ बंगाली लेखिकेचंही घ्यावं. आम्हा अनुवादकांची नावं मुखपृष्ठावर यावीत म्हणून आम्ही भांडतो. मग हेच काम पडद्यावर करणाऱ्यांना बिननावी ठेवण्याचा आम्हाला काय हक्क?