रात्री दहानंतर स्पीकर बंद करा, रातकिड्यांना एकमेकांचं ऐकू द्या

मावळ, मुळशी, भंडारदरा, कर्जत इथल्या फार्महाऊस आणि कॅम्पच्या मालकांना, आणि शनिवार-रविवारी तिथे मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. रात्री दहानंतर उघड्यावरचा स्पीकर बंद ठेवा.

पाऊस ओसरू लागला की रातकिड्यांच्या विणीला जोर येतो. पूर्ण वाढ झालेल्या किड्याच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून साद घालतो. मादीचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली. प्रत्येक जातीची लय वेगळी असते आणि अंधारात मादी तीच ओळखून नराकडे जाते. साद पोचली नाही, तर भेट होत नाही आणि अंडीही पडत नाहीत.

दक्षिण भारतात रानतुळशीवर राहणारा एक रातकिडा पाहा. नर पानाच्या मध्यभागी कुरतडून भोक पाडतो, त्यात अंग बसवतो आणि पंख पानाला समांतर पसरून गातो. पंखांच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारेनासा होतो आणि साद दूरवर जाते. ही युक्ती मुख्यतः लहान चणीचे, दबक्या आवाजाचे नर वापरतात, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. जोडीदारापर्यंत पोचण्यासाठी एवढी धडपड करणाऱ्या जिवावर आपण डीजेची भिंत उभी करतो, हा अन्याय आहे.

आणि हे फक्त हवेतल्या आवाजापुरतं नाही. तुडतुडे झाडाच्या देठातून थरथर पाठवून जोडीदार शोधतात. वाळवीचे सैनिक डोकं आपटून वारुळाला धोक्याची सूचना देतात. स्पीकरचा दणदणाट जमिनीतूनही जातो. जर्मनीत वर्दळीच्या रस्त्यांलगतच्या नाकतोड्यांनी गाण्यातले खालचे स्वर वर चढवल्याचं आढळलं आहे. मात्र आवाज बदलणं प्रत्येक किड्याला जमेलच असं नाही. किडे घटले की बेडूक, वटवाघळं आणि पिंगळे उपाशी राहतात.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मुळातच मनाई आहे. मालकांनी बुकिंग घेतानाच हे पाहुण्यांना सांगावं. ग्रामपंचायतींनी ठराव करून तो गावाच्या वेशीवर लावावा. पाहुण्यांनी आपल्या मित्रमंडळींना स्वतःहून थांबवावं. सांगूनही कुणी ऐकत नसेल, तर 112 वर फोन करा. सुरुवात याच शनिवारी करा, कारण विणीचा हंगाम थोडाच उरला आहे.