पित्ताच्या नावाखाली

पिंपरी, भोसरी, आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंत रात्रपाळी सुटते, तेव्हा कारखान्यांबाहेरील टपऱ्यांवर चहा-वडापावाबरोबरच पाण्यात फेसाळणाऱ्या आम्लनाशक पुड्यांनाही गिऱ्हाईक असते. पुडी घेणाऱ्याने रोगाचे नाव स्वतःच ठरविलेले असते : पित्त. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेथे रोगनिदान मात्र पानाच्या टपरीवर व्हावे, ही विसंगती डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

दोष काही अंशी शब्दाचाही आहे. डोके दुखले की पित्त, मळमळले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. वास्तविक जठरातील आम्ल आणि यकृतात तयार होणारा पित्तरस हे दोन निराळे स्राव. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक वलय असते. घास खाली गेला की ते मिटते. ते सैल पडले म्हणजे जठरातील आम्ल वर चढते आणि अन्ननलिकेचा दाह होतो. ‘माधवनिदान’ या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथात अम्लपित्ताच्या लक्षणांत आंबट-कडू ढेकर आणि छाती-घशातील दाह यांची नोंद आहे. पूर्वसूरी नुसते ‘पित्त’ म्हणून थांबले नव्हते.

जेवणानंतर, वाकल्यावर वा आडवे झाल्यावर छातीच्या मध्यभागी जळजळ होणे, आंबट पाणी घशाशी येणे, ही लक्षणे सहज ओळखता येतात. आडवाटेने येणारी मात्र फसवी : रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, दातांची झीज. आवाज बसल्याचे खापर खडूच्या धुळीवर फोडणाऱ्या शिक्षकाला जठराची आठवणही होत नाही. आठवड्यातून दोनदा वा अधिक वेळा जळजळ होत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. गिळताना घास अडत असेल, वजन घटत असेल, उलटीत रक्त वा शौचास काळे होत असेल, तर एक दिवसही दवडू नये.

रात्रपाळी या विकाराला खतपाणीच घालते. मध्यरात्रीचे तेलकट जेवण, झोप उडविण्यासाठी चहावर चहा, तंबाखूची चिमूट, आणि सकाळी घरी भरपेट खाऊन लगेच अंथरूण. निकोटिनने ते वलय सैल पडते. आडव्या देहात आम्लाला चढ उरत नाही. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर असावे, हा सल्ला योग्यच. पण रात्रभर यंत्रापुढे उभे राहिलेल्या माणसाने आणखी तीन तास जागावे कसे? त्यापेक्षा सकाळी हलके खाणे, खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा देणे, डाव्या कुशीवर निजणे अधिक साध्य आहे.

खरा धोका निराळाच. हृदयविकाराचा झटकाही ‘ॲसिडिटी’च्या वेषात येतो. छातीवर दाब, हातात, जबड्यात वा पाठीत सरकणारी कळ, घाम, धाप यांपैकी काहीही जळजळीसोबत असेल, तर पुडी घेऊन वाट पाहणे जिवावर बेतू शकते. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत ही लक्षणे अस्पष्टही असतात. पुडीने बरे वाटले, म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. तो निर्णय हृदयालेख पाहून डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपचारकक्ष बंधनकारक केला. त्या आकड्याखालील जोडकारखान्यांच्या वाट्याला प्रथमोपचाराची पेटीच आली. अशा दहा-वीस कारखान्यांनी मिळून रात्रीही उघडा राहणारा, हृदयालेखाचे यंत्र आणि ते वाचू शकणारा डॉक्टर असलेला एक दवाखाना चालविणे अशक्य नाही. बोनसाच्या वाटाघाटींना बसताना कामगार संघटनांनी ही मागणीही यादीत घालावयास हरकत नसावी.