पायाची नाडीही पाहूया

संगमनेर व नगर शहरात विड्या वळणे हा अनेक घरांचा जुना व्यवसाय. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील मजूर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. तंबाखू, मिश्री व मधुमेह यांनी ग्रासलेल्या आपल्या जिल्ह्यात ‘चालताना पोटरी भरून येते’ ही तक्रार प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. अशा रुग्णास गृध्रसी ठरवून स्नेहन-स्वेदन सुरू करण्यापूर्वी त्याच्या पायाची नाडी पाहणे अनिवार्य मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही परीक्षा परकी नव्हे. शार्ङ्गधरोक्त नाडी अंगुष्ठमूली पाहावयाची, म्हणून आपला हात मनगटाशीच थांबतो. परंतु चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, परिमर्शनीय अध्यायात, सतत स्पंदन पावणाऱ्या शरीरभागांचे स्पंदन थांबणे हे स्पर्शाने जाणावयाचे लक्षण सांगितले आहे. पाय त्यास अपवाद कसा?

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेस पाच मिनिटे पुरतात. ठरावीक अंतर चालल्यावर येणारी वेदना नुसते उभे राहिल्याने शमते काय, हे विचारावे. मणक्यातील मार्ग अरुंद झालेल्या रुग्णास बहुधा बसल्यावर वा पुढे वाकल्यावरच आराम पडतो. पाय उंच धरल्यावर पांढरा पडतो काय, बोटांवर न भरणारा व्रण आहे काय, हे पाहावे. जांघ, गुडघ्यामागील खळगा, आतील घोट्यामागे व पादपृष्ठ येथील स्पंदन दोन्ही पायांत तपासून केसपेपरवर नोंदवावे. काही निरोगी व्यक्तींतही पादपृष्ठावरील नाडी लागत नाही; म्हणून एका जागेवरून निष्कर्ष काढू नये. शंका आल्यास डॉप्लरने घोटा व दंड येथील रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे. ते ०.९० वा त्याहून कमी असल्यास धमनीविकार समजावा. मधुमेहात धमन्या कठीण झाल्याने ते १.४० च्या वरही जाते. तो आकडा दिलासा देणारा नव्हे.

हा आग्रह कशासाठी? रक्तपुरवठा घटलेल्या, बधिर पायास स्वेदनाने भाजते. अग्निकर्माचा वा जलौकेचा लहानसा व्रणही चिघळतो आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. विश्रांतीतही वेदना, कोथ वा न भरणारा व्रण असल्यास शल्यतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. पाय अकस्मात थंड, पांढरा व नाडीहीन झाल्यास तासांचा हिशेब असतो; तेथे लेप-काढ्यांत वेळ दवडू नये. तंबाखूत्याग हे तर निदानपरिवर्जनच. त्यावाचून कोणतीही चिकित्सा अपुरी.

वेळेवर रुग्ण पुढे पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे. व्याधी साध्य की असाध्य हे ओळखूनच चिकित्सेस हात घालावा, ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे.