लहान मोटारीची निवड

कुटुंबांत मोटार घ्यावयाची ठरली कीं पहिला प्रश्न 'लिटरला किती देते?' हा निघतो. प्रश्न अयोग्य नाहीं. पण तो पहिला नसावा. गाडींत बसणार कोण व ती जाणार कोठें, हें आधीं ठरवावें. परवडणाऱ्या हॅचबॅक गाड्यांपैकीं मारुतीची वॅगन आर व टाटांची टियागो या दोन घेऊन हा विचार वाचकांपुढें मांडतों.

प्रथम सोयीकडे पाहूं. वॅगन आरची उंची १,६७५ मिलिमीटर, टियागोची १,५३५. म्हणजे फरक सुमारें साडेपांच इंचांचा. कागदावर तो क्षुल्लक दिसतो. परंतु ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडील मंडळींना चढतां-उतरतांना तो पदोपदीं जाणवतो. डिकीहि वॅगन आरची मोठी: ३४१ लिटर, तर टियागोची २४२. मात्र सीएनजी घ्यावयाचा असल्यास हा हिशेब फिरतो. वॅगन आरची टांकी डिकीची बहुतेक जागा व्यापते. टियागोंत २०२३ पासून दोन लहान टांक्या डिकीच्या तळाखालीं बसविल्यामुळें सामानास कांहीं जागा उरते.

आतां सुरक्षिततेचा मुद्दा. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळवून त्यांना तारे देते. टियागोला २०२० सालीं प्रौढांकरितां चार व मुलांकरितां तीन तारे मिळाले. वॅगन आरला २०२३ सालीं प्रौढांकरितां एक, व मुलांकरितां शून्य. यावरून 'चारास एक' असा निकाल देणें मात्र न्याय्य नव्हे. २०२२ मध्यें या परीक्षेचे नियम अधिक कठीण करण्यांत आले. जुन्या अभ्यासक्रमाचे गुण नव्या अभ्यासक्रमाच्या गुणांशीं ताडून पाहणें कोणताहि शिक्षक मान्य करणार नाहीं. जुन्याच नियमांनीं २०१९ सालीं वॅगन आरला दोन तारे मिळाले होते. तेव्हां खरी तुलना चारास दोन अशी होते. २०२५ सालीं वॅगन आरच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅगा आल्या, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु एअरबॅगा वाढल्यानें सांगाडा बळकट होत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

तात्पर्य, शहरांतल्या शहरांत देवदर्शन, दवाखाना, बाजार एवढाच प्रवास असून घरांत वृद्ध अधिक असतील, तर वॅगन आर सोयीची. मुलाबाळांसह महामार्गावरून वारंवार जाणें असेल, तर आमचें मत टियागोकडे झुकतें.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. परीक्षेंतले पुतळे पट्टा बांधून बसविलेले असतात, व मुलांचे पुतळे मुलांच्या खास आसनांत. आपल्याकडे पांच जणांच्या गाडींत सात जण बसतात, आणि नातू आजीच्या मांडीवर असतो. अशा गाडीला चार तारे असोत कीं एक, त्या नातवाच्या वांट्याला त्यांतला एकहि येत नाहीं. आजीचें प्रेम कितीहि बळकट असलें तरी धडकेच्या क्षणीं तिचे हात त्याला धरून ठेवूं शकत नाहींत.

म्हणून गाडी कोणतीहि घ्या. पुढें-मागें प्रत्येकास पट्टा व लहानग्यास त्याचें आसन, हा घरचा नियम गाडी दारांत येण्यापूर्वींच करा. सहावा मनुष्य एस.टी.नें आला तर त्यांत कुटुंबाची कांहीं अप्रतिष्ठा नाहीं.