ऑस्कर रुसला तेव्हा

गेल्या वर्षी धाकट्याने ईदीच्या पैशांतून ऑस्कर माशाची दोन पिल्ले आणली. बोटाएवढी, काळ्या अंगावर केशरी नक्षी. दुकानदार म्हणाला, दोन फुटांची टाकी पुरे. आम्ही विश्वास ठेवला. आठ महिन्यांत एक मेला. दुसरा वीतभर वाढला आणि त्याने खाणे सोडले. दाणा तोंडात घ्यायचा, थुंकायचा, कोपऱ्यात आडवा पडायचा. "अम्मी, हाही मरणार का?" पोराने रात्री मला उठवून विचारले.

वाचू लागले तेव्हा कळले की चूक आमचीच. ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, फूटभर वाढतो, दहा वर्षेही जगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पाणी मावते जेमतेम 56 लिटर. त्याच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया तेवढ्या पाण्यात लगेच विषारी ठरतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जीवाणू तो निवळतात. आणि आम्ही? दर जुम्म्याला सगळे पाणी ओतून स्पंज नळाखाली स्वच्छ धुवायचो! क्लोरीनने ते बिचारे जीवाणू मरायचे. आता आठवड्याला फक्त चौथा हिस्सा पाणी बदलते, क्लोरीन काढून; स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळते.

खाण्याचे लाडही आम्हीच केले. गंमत म्हणून जिवंत गोल्डफिश सोडायचो. त्यातून रोग येतात, शिवाय त्यातला एक घटक ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतो. बकरी ईदला मटणाचे तुकडेही घातले. ती चरबी माशाला पचत नाही. चटक लागल्यावर दाणे कशाला खाईल?

आधी घर बदलले. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. सुमारे 340 लिटर. (पाण्याचेच वजन 340 किलो, स्टँड मजबूत हवा.) जुना स्पंज तसाच नव्या टाकीत लावला. मग थोडे दाणे टाकायचे, दोन मिनिटांत खाल्ले नाहीत तर जाळीने काढायचे. धडधाकट मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी राहू शकतो, हे माहीत असूनही जीव तुटायचा. पाचव्या दिवशी त्याने दाणा गिळला. आता अधूनमधून सोललेली, बिनमिठाची कोळंबी.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस मुलांना मीच शिकवते: तिने खायलाही दिले नाही, सोडलेही नाही. मासा तर सोडताही येत नाही. परदेशी शिकारी मासा आपल्या ओढ्यात-तळ्यात गेला तर तिथल्या माशांचा फडशा पाडेल. लहानग्या अबू उमैरचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा नबी करीम (सल्ल.) यांनी त्याची विचारपूस केली होती. म्हणून धाकट्याच्या मेलेल्या माशावर मी त्याला रागावले नाही.

दुसरा ऑस्कर आणायचा हट्ट मात्र चालू आहे. मी नाही म्हटले आहे.